माहेरचं लुगडं येईपर्यंत

चंदा गेली ते मला सोमारीकडून कळलं. मी घरावर चढून छपराचे कवेलू फेरत होतो. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया टोपल्या टाकून पळत आल्या. त्यांच्यात माझी बायको चंदा नव्हती. शेजारची सोमारी खाली उभी राहून म्हणाली, "रामाजी भाऊ, उतरा. वाघानं नेली."

आम्ही गेलो तेव्हा चंदा नाल्याजवळ पडली होती. गलका ऐकून वाघ सरकला होता, पण लांब गेला नव्हता. तिच्या अंगावर कपडा उरला नव्हता. मी माझा शर्ट टाकला, तो पुरला नाही.

वनखात्याची गाडी आली. त्यांना तिला पोस्टमार्टमसाठी लगेच दवाखान्यात न्यायचं होतं. बायांनी तिच्याभोवती कडं केलं. आमच्याकडे बाई मेली की तिचं शेवटचं लुगडं तिचा भाऊ आणतो. चंदाचा भाऊ मुखरू फोन लागल्याबरोबर लुगडं घ्यायला पोंभुर्ण्याला गेला होता.

सोमारी म्हणाली, "माहेरचं लुगडं आल्याबिगर अशी उघडी उचलू देणार नाई."

मग सगळेच ओरडू लागले, "मुखरूले येऊ द्या! मुखरूले येऊ द्या!"

गाडीवाले थांबेनात. वाघ झुडपात होता, त्यांनाही भीती होती. ढकलाढकली झाली. एक वनरक्षक दगडावर पडला आणि त्याचा हात मोडला. मुखरू लुगडं घेऊन पोचला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. त्यानं बहिणीला झाकलं आणि गाडीत बसून तिच्यासोबत गेला.

चंदाचं दिवसकार्य झाल्यावर पोलीस आले आणि मुखरूला घेऊन गेले. तक्रारीत त्याचं नाव पहिलं होतं. जमाव त्यानं भडकवला असं लिहिलं होतं. सगळे त्याचंच नाव घेत होते, त्यावरून ऐकणाऱ्याला तोच पुढारी वाटला. मुखरू तेव्हा पोंभुर्ण्याला लुगडं घेत होता, पण तिथला दुकानदार साक्षीला तयार नव्हता. अशा लुगड्याचं बिल कोणी करत नाही, असं म्हणून त्यानं मला वाटेला लावलं.

या उन्हाळ्यात आमच्या भागात वाघानं बरीच माणसं मारली. जिथं माणूस मेलं तिथं लोक चिडले आणि गुन्हे दाखल झाले. सरकारचा फुकट वकील पूर्वी कोर्टात गेलं तरच भेटायचा. आता त्याच कामासाठी नीलिमा वकीलबाई बाजाराच्या दिवशी आमच्या ग्रामपंचायतीत बसू लागल्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही मेहुणे आहात. तुमचं म्हणणं मी लिहिते, पण ते तोकडं पडेल. लुगड्यासाठी थांबा असं पहिल्यांदा कोण म्हणालं? ती बाई हवी."

मी सोमारीकडे गेलो. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"तुमच्या साळ्यासाठी मी जेलात जाऊ काय?" ती म्हणाली. "मोहफुलाले बंद जंगलात गेलतो म्हणून एक केस, गाडी अडवली म्हणून दुसरी. माह्या पोरीचं लग्न कोण करीन, तुमी?"

"त्यानं काई केलं नाई, सोमारीबाई. तुले मालूम आहे."

"मालूम आहे म्हणूनच झोप नाई लागून राह्यली." तिनं सूप खाली ठेवलं. "येतो. पण बोलीन का नाई, सांगत नाई."

बाजाराच्या दिवशी ती आली. पण पंचायतीसमोर वनखात्याची मोटारसायकल उभी होती. ती पाहून सोमारी रस्त्यातच वळली आणि सरळ हापशीकडे गेली. तिथं चार बाया पाण्याचे गुंड घेऊन उभ्या होत्या. मी वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी आपली खुर्ची स्वतः उचलली आणि हापशीपाशी आणून ठेवली. मागोमाग वनखात्याचा माणूस बाहेर आला आणि गाडीला टेकून आमच्याकडे पाहत राहिला.

"बाई, मी बोललो अन् मलेच धरलं तर?" सोमारीनं विचारलं.

"तर मी तुमचीही वकील. बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो, घरी किती शेत आहे ते कोणी विचारत नाही. तुम्हाला अटक होऊ नये म्हणून आधीच अर्ज करते. पण तुमच्यावर केस होणारच नाही, असं मी सांगणार नाही."

"म्हंजे होऊ शकते."

"होऊ शकते."

कोणी हापशी मारेना. त्या चौघींतली एक, सोमारीची म्हातारी सासू बुधरी, म्हणाली, "चाल वं घरी. मेलेली काई उठून येत नाई."

"मेलेलीसाठी नाई बोलून राह्यलो, माय. जित्यासाठी."

मोटारसायकल सुरू झाली. सोमारीनं तिकडं पाहिलं. मला वाटलं, आता जाते. ती खुर्चीसमोर खाली बसली.

"लिवा. मीच म्हटलं. चंदा उघडी होती. मुखरू तवा नवताच. आमी त्याची वाट पाहून राह्यलो होतो, त्याच्या सांगण्यानं काई केलं नाई."

वकीलबाईंनी लिहिलं, वाचून दाखवलं. सोमारीनं सही केली. मग त्यांनी बाकीच्या बायांना विचारलं, "आणखी कोण होतं तिथं? एकटीवर सगळं पडू देऊ नका. दुसरी कोणी बोलली तर हिलाही आधार होईल."

त्या चौघीही नाल्यावर होत्या. त्यांनी चंदाभोवती कडं केलं होतं, मी पाहिलं होतं. एकीनं गुंड उचलला. मग दुसरीनं. बुधरीनंही आपला उचलला. मी हात जोडले. त्या माझ्याकडे न पाहता निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात सोमारीला वनखात्याची नोटीस आली. ती माझ्याशी भांडली नाही. माझ्या दारावरून जाताना एवढंच म्हणाली, "तारखेले गाडी सांगून ठेवजा, भाऊ. मी येतो."

मी रोज एकेका दारात जाऊन उभा राहतो. बाया पाणी देतात, बसा म्हणतात, आणि आत जातात. त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

मुखरू अजून जेलात आहे. सोमारीसोबत साक्ष द्यायला दुसरी बाई अजून मिळालेली नाही.