मास्तरांची गाडी गॅसवर

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून गाडी उतरली आणि मास्तरांना कळलं.

पुढची चाकं नेहमीसारखी उतरली, पण मागची उतरताना गाडीने बूड टेकलं. एखादा धिप्पाड पाहुणा मागे येऊन बसावा तसं. आणि मागे तर कुणीच नव्हतं. गाडीत ते आणि त्यांची मुलगी, दोघंच.

"काय झालं, बाबा? दचकलात?"

"कुठे काय? पाठ अवघडली जरा."

मग त्यांनी कान टवकारले. घरून निघताना डॅशबोर्डखाली बारीकसं 'टिक' झालं होतं, तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केलं होतं. आता नाकाने हवा ओढून पाहिली. थंड इंजिन सुरू झाल्यावर पेट्रोलचा जो ओलसर वास आत यायचा, तो नव्हता. इंजिनाचा आवाजही कोरडा, घसा बसलेला माणूस बेताने बोलतो तसा. शंकेला जागाच उरली नाही. पोरीने गाडीला गॅस लावला होता. त्यांना न सांगता.

मास्तर म्हणजे कार्ब्युरेटरमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी एकाच गॅरेजात गाड्यांचे कार्ब्युरेटर खोलले, धुतले आणि जोडले. पुढे नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला तसा तो त्यांच्या नावातूनही गळाला, आणि ते नुसते मास्तर उरले. मग काचबिंदूने डोळे गेले. त्यालाही चार वर्षं झाली होती. आता उजेड आणि अंधार, एवढंच काय ते कळायचं.

ही गाडी त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनीच लहान. एका डॉक्टरने भंगारात काढलेली, मास्तरांनी ती घेतली आणि तीन वर्षं रविवारचे रविवार खपून उभी केली. गोल दिवे, बॉनेटवर क्रोमची पट्टी, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. डोळे गेल्यावरही ते रोज सकाळी फडकं घेऊन तिला पुसत. कुठे पोचा आहे, कुठे रंगाचा पापुद्रा सुटलाय, सगळं बोटांना पाठ.

गाडी देखणी, पण पेट्रोल पाण्यासारखी प्यायची. मुलगी इस्पितळात नर्स, घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. ती स्वतः बसने कामाला जायची आणि गाडी ताडपत्रीखाली. मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तेवढ्यापुरती बाहेर निघायची. तिथून सरळ घरी. वाटेत कुठे वळायचं नाही.

महिन्यापूर्वी यावरूनच खटका उडाला होता.

"बाबा, एक तर विकू या, नाहीतर गॅस लावू या," मुलगी म्हणाली होती. "नुसती झाकून ठेवायला ती काय पाहुण्यांसाठीची कपबशी आहे?"

"वीक. पण गॅस नाही लावायचा."

"का पण?"

"का म्हणजे? अगं, सिलिंडरने डिकी जाते, चढाला गाडी धापा टाकते, व्हॉल्व्हच्या सीटा जळतात. जुन्या इंजिनाला पेट्रोलचा ओलावा लागतो. आणि एवढं करून आपण हिंडतो किती? किटचा खर्च निघायला माझा दुसरा जन्म उजाडेल."

"परवडत नाही म्हणून हिंडत नाही. हिंडत नाही म्हणून गॅस परवडत नाही. मग बसा गोल गोल फिरत."

"त्या कोपऱ्यावरच्या गॅसवाल्याने कान भरलेत तुझे. त्याला कार्ब्युरेटर आणि कुकरची शिटी यातला फरक कळत नाही. मी असेपर्यंत या गाडीला गॅस लागणार नाही, चिमे. विषय संपला."

एक्केचाळीस वर्षांची चिमणी गप्प बसली होती. विषय संपला असं मास्तर धरून चालले. गेल्या आठवड्यात तिने गाडी चार दिवस बाहेर ठेवली, "मागच्या दाराची बिजागरी वेल्डरकडे टाकलीय" म्हणून. मास्तरांनी विश्वास ठेवला, परत आल्यावर बिजागरी चाचपूनही पाहिली नव्हती.

आता ते समोर तोंड करून बसले होते आणि त्यांची कानशिलं तापली होती. गॅस लावला याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग दुसराच होता. डोळे गेल्यापासून सगळं जग त्यांच्याशी गोड खोटं बोलायला लागलं होतं. शेजारी म्हणायचे, तब्येत छान दिसतेय. डॉक्टर म्हणायचा, बघू या, सुधारेल. आंधळ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला अक्कल लागत नाही. पण या सगळ्यांत एक चिमणीच अशी होती जी तोंडावर बोलायची, भांडायची. आज तीही त्यातलीच झाली.

बोलायचं ठरवून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "आज सुट्टी आहे मला. दिवसभर. बोला, कुठे जायचं?"

मास्तर थांबले. गेल्या चार वर्षांत हा प्रश्न गाडीत कुणी विचारला नव्हता. कुठे जायचं ते ठरलेलंच असायचं.

"कुठेही?" त्यांनी विचारलं.

"कुठेही."

तिच्या आवाजात काहीतरी हलकं होतं, शाळा सुटल्यावर यायचं तसलं. मास्तरांच्या तोंडातले शब्द तिथेच विरघळले.

"टेकडीपलीकडच्या तलावावर," ते म्हणाले. "तुझी आई असताना जायचो तिथे."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि गाडी वळवली.

गाव मागे पडलं. खिडकीतून आत आलेल्या वाऱ्याला कापलेल्या गवताचा वास होता. मुलगी काय काय दिसतंय ते सांगत होती. एका घराला भलताच जांभळा रंग दिलाय, एक बाई सायकलवर शिडी घेऊन चाललीय, शिडीच बाईला नेतेय म्हणा ना. मास्तर हसले. मनातला राग अजून गेला नव्हता, पण तो आता मागच्या सीटवर जाऊन बसला होता.

मग टेकडीचा चढ लागला.

पहिल्या वळणाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुंथायला लागली. मास्तरांचा उजवा हात आपोआप मुठीत वळला. 'दुसरा टाक,' ते मनात म्हणाले. तिने टाकला, पण उशिरा. तिसऱ्या वळणाला बॉनेटखालून 'फट्' असा बार निघाला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"काही नाही, काही नाही," मुलगी घाईने म्हणाली. "होईल चालू."

गाडी चालू झाली, पण पेडल दाबताच पुन्हा फट्. पुन्हा बंद. मागून कुणीतरी भोंगा वाजवत बाजूने निघून गेलं. मग मास्तरांना ते बारीक 'टिक' परत ऐकू आलं. तिने बटण पेट्रोलवर टाकलं होतं. स्टार्टर घरघरत राहिला, इंजिन काही उचलेना.

"टाकीत पेट्रोल आहे ना?" मास्तरांनी अगदी साळसूदपणे विचारलं.

"आहे... म्हणजे, असेल थोडं."

टाकी कोरडी होती हे सांगायला डोळे कशाला हवेत? बचत करायची तर पुरती करायची, हा स्वभाव तिने आईकडून घेतला होता.

"बॉनेट उघड," मास्तर म्हणाले.

"नको बाबा, मी फोन करते ना. कुणीतरी येईल."

"चिमे, बॉनेट उघड."

ते दार चाचपत उतरले, मडगार्डवर हात ठेवत पुढे आले आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. बॉनेटची कडी निघाली. गरम वाफ तोंडावर आली.

"पाने दे."

पाने-पेचकसांची पिशवी तिने ड्रायव्हरच्या सीटखालून ओढून काढली. इतकी वर्षं ती डिकीत असायची. आता तिथे सिलिंडर बसला होता.

त्यांनी हात आत घातला. एअर क्लीनरच्या झाकणावरून बोटं खाली उतरली आणि वाटेतच एका जाड, नव्याकोऱ्या रबरी पाइपला लागली. तिथेच थांबली. हा पाइप त्यांनी या गाडीत कधी बसवला नव्हता. 

अंगठा पाइपवरून हळूहळू पुढे गेला. टोकाशी पत्र्याची क्लिप होती. त्यांनी ती हलवून पाहिली. हलली.

"ही क्लिप ढिली आहे," मास्तर म्हणाले. "पेचकस दे."

तिने दिला. 

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच—"

"आधी आवळू दे. यातून हवा शिरते, म्हणून फटफट करतेय." त्यांनी क्लिप आवळली, पाइप ओढून पाहिला, पुन्हा आवळली. "आता तेरा नंबरचा पाना. आणि गाडी चालू करून ये. पंखा फिरतोय तिकडे माझा हात जायला लागला तर ओरड."

"मला भीती वाटते."

"तू रोज लोकांच्या शिरांत सुया खुपसतेस, तेव्हा त्यांना नाही वाटत?"

ती रडत होती की हसत होती ते नीटसं कळलं नाही. इंजिन अडखळत सुरू झालं. तिने परत येऊन त्यांचं मनगट धरलं, रुग्णाचं धरतात तसं, घट्ट पण दुखणार नाही असं. मास्तरांनी डिस्ट्रिब्युटरचा नट अर्धा फेरा सैल केला. सगळ्या प्लगना ठिणगी वाटून देणारा तो डबा. तो केसभर फिरवला की ठिणगी आधी किंवा उशिरा पडते. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला ठिणगी जरा आधी लागते. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. वीस वर्षं गॅसला शिव्या देणाऱ्या माणसाला गॅस नीट माहीत नसून कसं चालेल?

डबा त्यांनी किंचित फिरवला. इंजिन सावध झालं. आणखी किंचित. आवाज भरला, एकसारखा झाला. अजून थोडा, आणि आता आवाज कर्कश व्हायला लागला तसे ते नखाच्या टोकाएवढे मागे आले. मान तिरकी करून, डोळे मिटून ते ऐकत राहिले. तसं डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण काम करताना ते पहिल्यापासून मिटायचे.

"पेडल दाब."

तिने आत जाऊन दाबलं. फट् झालं नाही. इंजिन एका दमात वर गेलं आणि शहाण्यासारखं खाली आलं.

मास्तरांनी नट आवळला. "झालं. कोणी बसवलं होतं टायमिंग, त्याला म्हणावं आधी कान दाखव डॉक्टरला."

उरलेला चढ गाडी तिसऱ्यात चढली. 

तलावाच्या काठाला एका सपाट दगडावर ती दोघं बसली. मुलीने रुमाल पाण्यात भिजवून आणला आणि मास्तरांचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट पुसायला लागली. नखांतला काळेपणा काढताना तिला वेळ लागत होता. चार वर्षांत ते हात असे मळले नव्हते.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "जात नाही ते लगेच."

"जाईल."

"चिमे."

"हं."

"पुढच्या वेळी भांड माझ्याशी. हरेन मी, पण भांड. मला न सांगता काही करू नकोस."

ती पुसायची थांबली. "हरला असतात तुम्ही?"

मास्तरांनी जरा विचार केला. "नसतो," ते म्हणाले. "तरी भांड."

पाण्यावरून वारा आला. दूर कुणीतरी दगड फेकत होतं. टप्पे मास्तर मोजत होते, तीन, चार, एकदा पाच. तिने आईची आठवण काढली नाही, त्यांनीही नाही. ऊन पाठीवर कलेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

परतताना उतार होता. मास्तरांना डुलकी लागली आणि घर आलं तेव्हाच जाग आली. मुलीने गाडी नेहमीच्या जागी लावली आणि ताडपत्री आणायला वळली.

"असू दे," मास्तर म्हणाले. "उद्या तू कामाला घेऊन जाशील ना?"

"जाऊ घेऊन?"

"मग लावलाय कशाला?" ते उतरले, दार लावलं. "आठवड्यातून एकदा टाकीत थोडं पेट्रोल घाल आणि पाच-सहा किलोमीटर त्याच्यावर चालव. नाहीतर कार्ब्युरेटर सुकतो."

"बरं."

"विसरशील."

"नाही विसरणार, बाबा."

घराकडे जाताना त्यांचा हात सवयीने गाडीच्या अंगावरून फिरत गेला. खिडकीची चौकट, मागचं दार, मडगार्डची गोलाई. डिकीपाशी ते थांबले आणि दोन बोटांनी तिच्यावर टकटक केली. आवाज भरीव आला. मग तळहाताने डिकी एकदा थोपटली आणि भिंतीचा आधार घेत पायऱ्या चढायला लागले.