चाचणीच्या दिवशी वाचनालय

शाळेतल्या आमच्या छोट्या मुंगीच्या आईचं पत्र आलं तेव्हा मी ते एका जाडजूड पुस्तकात घालून ठेवलं. उत्तर काही लिहिलं नाही.

पत्र छोटंच होतं. ‘सरकारी चाचणीच्या दिवशी मुलगी गैरहजर होती, असं शाळा म्हणते. ती म्हणते, मी वाचनालयात आजोबांजवळ होते. चाचणी देऊन गुण कमी पडले असते, तर तिला जादा शिक्षिका मिळाली असती. गैरहजर मुलाला काहीच मिळत नाही. ती तुमच्याजवळ होती का, एवढं लेखी कळवा.’

होती. मुंगीचे हात थरथरतात, शब्दही तोंडातून एकेक करून निघतात. त्या दिवशी तिला आणि तिच्यासारख्या आणखी तिघांना शाळेनं माझ्याकडे गोष्टी ऐकायला पाठवलं. मी निवृत्त माणूस, शाळेचं वाचनालय हौसेनं सांभाळणारा. मला आपलं वाटलं, माझ्या गोष्टी आवडू लागल्या असतील.

अडचण अशी की मुख्याध्यापिका म्हणजे माझी सूनबाई, आणि मी राहतो तिच्याच घरात.

जेवताना तिनंच विषय काढला. “बाबा, त्या बाईंना उत्तर देऊन टाका ना. मुलीला बरं नव्हतं, म्हणून जरा वाचनालयात टेकली आणि मग घरी गेली. झालं!”

“पण ती चांगली टुणटुणीत होती गं. सुट्टी होईपर्यंत माझ्यासमोर बसली होती.”

“आणि खरं लिहून काय होणार? अशी मुलं चाचणीला बसून शाळेची सरासरी घसरली की आधी दोन शिक्षक जातील. मग तुमच्या मुंगीला कोण शिकवणार, तुमची कपाटं?”

मी मुलाकडे पाहिलं.

“मला यात ओढू नका,” तो म्हणाला. “मी आपला मृदंग. दोन्हीकडून थापा खातो.”

सून हसली, मीही हसलो. तिचं अगदीच चुकतंय असं म्हणायची माझी छाती नाही. शाळेसाठी ती मरमर मरते, माझ्या गोळ्याही न विसरता तीच आणते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पुढच्या चाचणीला तीच चौघं पुन्हा माझ्याकडे आली. वर्गांची दारं लागली. मी पुस्तक उघडलं. मुंगीनं टेबलावर पेन्सिल आणि खोडरबर नीट मांडलं.

“आजोबा, आज पण... मी... घरीच आहे का?”

“घरी असलं की गणितं नसतात, येडे,” कानाला यंत्र लावलेली तिची मैत्रीण म्हणाली. “ऐश कर!”

“मला येतात,” मुंगी म्हणाली. “थोडी.”

मी उठून दारापर्यंत गेलो. वर्गात शिरून चार शब्द बोलायचं धाडस झालं नाही. परत येऊन कागद ओढला आणि लिहिलं, ‘दोन्ही चाचण्यांच्या दिवशी आपली मुलगी शाळेत हजर होती. आजारी नव्हती. तिला चाचणीला बसवलं नाही. हे पत्र हवं तिथे दाखवा.’ खाली सही केली.

शाळा सुटल्यावर सून गाडीपाशी उभी होती. “लिहिलंत? द्या, मी जाता जाता टाकते.”

“मीच टाकतो.”

“बरं नव्हतं, असंच लिहिलंत ना?”

“नाही.”

तिनं गाडीचं दार उघडलं. मग हळूच म्हणाली, “माझी नोकरी आहे ती, बाबा.”

“ठाऊक आहे.”

“या टाकून. मी थांबते. घरी बोलू.”

टपालपेटी रस्त्यापलीकडे होती. पाकीट अर्धं आत गेलं तरी बोटं सुटेनात. मागे वळून पाहिलं, ती गाडीत बसून माझ्याकडेच बघत होती. तोंड फिरवून मी पाकीट सोडलं.