लोकरीतलं स्वयंपाकघर

आधी इस्त्री गेली. सुनेनं तिच्यावर लाल लोकरीचं आवरण क्रोशानं इतकं घट्ट विणलं, की ती कपड्यावर फिरेना. घरात हशा पिकला. मग झाडू गेला, धुण्याची बादली गेली. कढई गेली तेव्हा जेवण बाहेरून डब्यात येऊ लागलं, आणि हसू थांबलं.

नवरा म्हणायचा, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती शांतपणे सांगायची, प्रदर्शन आहे. एकाच धाग्यानं सांधलेल्या त्या वस्तू ती वाचनालयाच्या दालनात मांडणार होती. आपल्या ऑफिसातली माणसं ते पाहणार, हे नवऱ्याला झोंबलं होतं.

क्रोशा तिला सासूनंच शिकवला. घरची एक रीत होती. शेवटचा टाका सुनेनं उघडा ठेवायचा. सासूनं काम तपासून मगच गाठ मारायची. पसंत नसेल तर टोक ओढायचं, की सगळं भराभर उसवत जातं. सुनेचे कितीतरी रुमाल असे उसवले गेले होते. सासूचेही, तिच्या काळात, तिच्या सासूनं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सून दालन बघायला गेली. ओट्यावर रचलेल्या वस्तूंचं लाल टोक खाली लोंबत होतं. नवरा आईजवळ बसला.

"आई, तुझा मान आहे. ओढ. ती येईस्तोवर नुसता लोकरीचा ढीग राहू दे."

आईनं ते टोक हातात घेतलं. त्यानं तो होकार धरला आणि निर्धास्त कामावर गेला.

संध्याकाळी परतला तर घरात दिवा नव्हता. ओटा मोकळा. ढीग कुठेच नाही. जेवणाच्या टेबलापाशी आई जमिनीवर बसली होती. अंधारात सुई चालूच होती.

"उसवलंस ना?"

"गाठ मारली," ती म्हणाली. "टेम्पोत घालून दिलं सगळं."

"मग आता काय विणतेस?"

"तुझी खुर्ची."

त्यानं वाकून पाहिलं. चारही पाय, पाठ, बैठक, सगळं लाल झालं होतं. खुर्चीच्या दोन्ही हातांवरून सैल पट्ट्या लोंबत होत्या.

"बस बाळा," आई मायेनं म्हणाली. "पुढचं माप तुझ्यासकट घ्यायचंय."

मागे दाराला कडी लागली. सून आली होती. तिच्या पिशवीत लोकरीचे नवे गुंडे होते.