एक कोटी साठ लाख व्होल्टची अंगठी

प्राध्यापकाला वेळेवर तोंड आवरता आलं असतं, तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण ती कला त्याच्या अंगात नव्हती. खिशात सोन्याची अंगठी घेऊन तो मुलीच्या वडिलांकडे लग्नाची परवानगी मागायला आला होता. वडील वायरमन. टेस्टर लावल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. पाहुण्याच्या लोखंडी खुर्चीलाही त्यांनी तो आधी लावून पाहिला होता.

"शिकवता काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"अणूत कुठे किती व्होल्ट असतात, ते काढायला शिकवतो."

इथे थांबायचं ना! पण स्वारीला छाप पाडायची होती. त्याने अंगठी टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. सोन्याच्या अणूच्या केंद्रकात एकोणऐंशी प्रोटॉन. सगळा विद्युतप्रभार एका बिंदूत धरायचा, स्थिरांकाने गुणायचं, अंतराने भागायचं. अंतर त्याने केंद्रकाच्या अगदी कडेचं घेतलं.

"एक कोटी साठ लाख व्होल्ट," तो ऐटीत म्हणाला.

वडिलांनी खुर्ची मागे सरकवली. "आणि हे माझ्या पोरीच्या बोटात घालणार?"

"तसं नाही, बाबा. ते शून्याच्या तुलनेत. शून्य आम्ही अनंत अंतरावर धरतो."

"अर्थिंग अनंतावर?" वायरमन हादरलेच. "एवढी वायर कोण ओढणार? नाही जमायचं. लग्नाचं विसरा."

दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, भोवती एकोणऐंशी इलेक्ट्रॉनही आहेत. अणूच्या बाहेर सगळं फिटून जातं."

"कोणी घालून पाहिलंय?"

प्राध्यापकाने मागचापुढचा विचार न करता अंगठी उचलून स्वतःच्या करंगळीत घुसवली. वडिलांनी अंगठीला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा लावला, मग प्राध्यापकाच्या कोपरालाही लावला. तरी त्याने बोट मागे घेतलं नाही. वडील त्याच्याकडे बघतच राहिले.

आता अंगठी काढायची, तर ती पेरात अडकलेली. साबण झाला, तेल झालं. बोट लालभडक झालं. वडील पक्कड घेऊन आले, अंगठीकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं आणि पक्कड खाली ठेवली.

"राहू दे रे," ते म्हणाले. "तारीख ठरवू. तोवर सूज उतरेल."