माझ्या तोंडातला बोळा

मी एक जुना, बटण दाबायचा सिग्नल आहे, मित्रांनो. कैरोतल्या शुब्रा भागात मुअल्लिम, म्हणजे मालक, बयूमींच्या कहवाखान्यासमोर उभा असतो.

माझी भावंडं याच रस्त्यावर आहेत. वरच्या चौकात नुसते पांढरे पट्टे आहेत. तिथे गाडीवाल्याने आपणहून थांबायचं असतं, म्हणजे कोणी थांबत नाही. खाली लोखंडी पूल आहे, पण त्याला बेचाळीस पायऱ्या. माझं काम सोपं. बटण दाबा आणि वाट बघा. मग गाड्यांना लाल, तुम्हाला हिरवा माणूस आणि वीस सेकंद माझी टकटक.

मला बसवलं तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लोकांनी मात्र फारसं विचारलं नाही. पाच बोटांची टोकं जुळवून हात वर धरायचा, ‘जरा दम धर’ असं गाडीवाल्याला सुचवायचं आणि खुशाल उतरायचं, ही इथली रीत. माझ्या दिव्यापेक्षा त्या बोटांना मान जास्त. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मला विचारणाऱ्या एकट्या वगीदा हज्जा. आजीबाईंना इथे मानाने हज्जा म्हणतात. त्या आंधळ्या आहेत. रोज सकाळी पलीकडच्या भट्टीवर रोटी आणायला जातात. टकटक सुरू झाली की निघतात.

पण माझ्या टकटकीने बयूमींचा सोंगट्यांचा डाव बिघडायचा. एके सकाळी त्यांनी फडक्याचा बोळा केला आणि माझ्या आवाजाच्या भोकात कोंबला.

थोड्याच वेळात हज्जा आल्या. बटण दाबून थांबल्या. मी हिरवा झालो, पण मुकाच. हिरवा गेला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मी पुन्हा हिरवा झालो, जिवाच्या आकांताने टकटक करत होतो. सगळी फडक्यात जिरत होती. गाड्या थांबल्यात हे त्यांना उशिरा कळलं. त्यांनी बोटं जुळवून हात वर केला आणि पाऊल टाकलं. माझे तीनच सेकंद उरले होते. मला थांबता येत नाही, माझी घडणच तशी.

हिरवा गेला. मायक्रोबस सुटली.

बयूमी फासे हातात घेऊनच धावले, बोटं जुळवून बससमोर उभे राहिले. बस वीतभर अंतरावर थांबली.

“हज्जा, सिग्नल सुटलाय. डोळे कुठे ठेवलेत?” ड्रायव्हर ओरडला.

“ते लहानपणीच गेले, बाळा. कान आणले होते बरोबर. पण हा आज मुका का झालाय?”

बयूमींनी त्यांचा हात धरला. हज्जांना भट्टीवर नेलं, परत आणलं आणि मग माझा बोळा उपसून काढला.

“मुअल्लिम, आता परत डोकं उठणार,” डावातला गडी कुरकुरला.

“उठू दे. ज्या दिवशी उठणार नाही, त्या दिवशी मला सांग.”

मित्रांनो, माझी टकटक तुम्हाला कटकट वाटली, तर माझ्याजवळ उभे राहा आणि क्षणभर डोळे मिटा. मला बंद करायचं की नाही, ते मग ठरवा. माझी धास्ती अजून गेलेली नाही. हिरवा झालो की आधी मी माझाच आवाज ऐकतो.