काचेच्या पेटीसाठी तासभर डिझेल

मित्रांनो, माझा आवाज मोठा, पण छाती अगदी लहान. मी एका छोट्या प्रसूतिगृहाच्या मागच्या शेडमध्ये राहणारा म्हातारा जनरेटर आहे. वीज गेली की मला चालवतात आणि मी दरवेळी घाबरतच चालतो.

नवा होतो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! मिस्त्री दर सोमवारी मला दहा मिनिटं चालवून बघायचा, पुसायचा, पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा. तेव्हाही मला एक धास्ती असायची. माझं डिझेल जमिनीखालच्या तेलातून येतं. ते तेल व्हायला कोट्यवधी वर्षं लागली आणि मी ते घटकाभरात धूर करून टाकतो. गेलं ते गेलंच.

मग गच्चीवर सौरपट्ट्या आल्या. ऊन रोज नवं येतं, धूर नाही, गोंगाट नाही. दिवसभर त्या बॅटऱ्या भरायच्या. मला हेवा नाही वाटला, उलट हायसं वाटलं. पण मिस्त्रीनं माझी सोमवारची फेरी बंद केली. चार महिने कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात वादळानं विजेच्या तारा तुटल्या, रस्ताही बंद झाला. दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, तरी अकरालाच बॅटऱ्या संपल्या. आत काचेच्या पेटीत सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी होती, ओंजळीत मावेल एवढी. पेटीची ऊब विजेवर चालते. मिस्त्री धावत आला, त्यानं किल्ली फिरवली आणि माझ्यातून नुसतं ‘टक्’ झालं. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी खोकत, काळा धूर ओकत कसाबसा सुरू झालो.

सिस्टर दारात आल्या. “किती वेळ चालेल?”

मिस्त्रीनं टाकीत काडी बुडवून पाहिली. “तासभर. तेही ह्याच्या मनात असलं तर.”

एवढ्या उन्हात बॅटऱ्या भरल्या कशा नाहीत, असं सिस्टरनी विचारलं, तेव्हा कपडे धुणाऱ्या मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. त्या पट्ट्या छान तापतात, चादरी अर्ध्या तासात वाळतात, म्हणून मावशी महिनाभर सगळी धुणी पट्ट्यांवरच पसरत होत्या. वर युक्ती सुचली म्हणून खूशही होत्या.

“अगं बाई, मीच सूर्य झाकला की,” एवढंच त्या म्हणाल्या आणि चादरी काढायला गच्चीच्या जिन्याकडे पळाल्या.

मी धडधडत राहिलो. डिझेल तळाला लागत होतं, मधेच एखादा आचका येत होता, आणि प्रत्येक आचक्याला मला ती पेटी आठवायची. अखेर बॅटऱ्या थोड्या भरल्या, तेव्हा मिस्त्रीनं मला बंद केलं. एकदम शांतता झाली. पेटी चालू राहिली की नाही, मला कळेना. माझा जीव टांगणीला लागला. बऱ्याच वेळानं सिस्टर पुन्हा आल्या, मिस्त्रीला म्हणाल्या, “पाय गरम आहेत तिचे.”

मित्रांनो, ऊन वापरा, वारा वापरा, त्यांच्या पट्ट्या नि पंखे स्वच्छ, मोकळे ठेवा. मला शक्य तेवढं कमी जाळा. पण मला गंजू देऊ नका. त्या दिवशी मिस्त्री म्हणाला होता, उद्याच डिझेल आणतो. आठ दिवस झाले, तारा जोडल्या, रस्ताही उघडला, पण माझी टाकी कोरडीच आहे. आज सकाळपासून आभाळ भरून आलंय, आणि ती मुलगी अजून पेटीतच आहे.