येतो

कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत ‘दर्यावंती’ गलबत शलाकाच्या हॉलमध्ये येऊन लागलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गलबताचं पुढचं टोक बाल्कनीतून आत आलं आणि सोफ्याला टेकून थांबलं.

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. “लागलं एकदाचं. शलाका, गॅस बारीक कर.”

शलाकाने आधी लेकाला, निहारला, कडेवर घेतलं.

हे गलबत तिला ऐकून माहीत होतं. सासूबाईंचे आजेसासरे, गलबताचे प्रमुख धाकू तांडेल, महायुद्धात मंगलोरहून कौलं भरून मुंबईला निघाले होते. वाटेत घरी जेवले, ‘येतो’ म्हणून उठले. पुढे पाणबुडीने गलबत फोडलं. एक फळीसुद्धा किनाऱ्याला आली नाही.

“येतो म्हणून गेले होते,” सासूबाई म्हणाल्या. “येणारच ना.”

या घरात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नसे. एम.एस्सी. झालेल्या शलाकाला सुरुवातीला हसू यायचं. निहार झाल्यापासून मात्र ती नवऱ्याला लिफ्टमधून परत बोलवायची. “नीट म्हण. येतो म्हण.” मग निहारचा हात धरून हलवायची. “तूही म्हण, येतो.” निहार अजून बोलत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, वाट बघा. तिने वाट बघितली, आणि रोज दारात तो एकच शब्द त्याच्यापुढे घोकला.

तांडेल खाली उतरला. कपडे कोरडे होते, पण पाऊल टाकील तिथे पाणी साचत होतं. मागे खलाशी कौलांवर बसून होते. एका वल्ह्यावर कुणीच नव्हतं.

“महादूची जागा,” तांडेल म्हणाला. “बायकोशी भांडून निघाला. दारातून ओरडला, जातो! गेला.”

“चहा टाकू?” सासूबाईंनी विचारलं.

“नको गो. ती पाणबुडी मागावर आहे.”

स्वयंपाकघरातल्या सिंकच्या भोकातून एक नळी वर आली. तिच्या टोकाला काचेचा डोळा होता. डोळा सावकाश फिरू लागला. त्याने फ्रिज बघितला, मग डबे बघितले. सासूबाईंनी पडदे ओढले, दिवा मालवला.

शलाका दाराकडे निघाली. ती चालेल तशी पुढे नवी फरशी येत होती. भिंतींना डांबराचा वास सुटला होता. हॉलच्या टोकाला दार आता काडेपेटीएवढं दिसत होतं. ती वळली, तर तांडेल पहिल्याइतकाच जवळ उभा.

“वल्हं रिकामं ठेवून निघता येत नाही,” तो म्हणाला. “घरातलाच माणूस हवा.”

“मी येते. मला घ्या.”

“तू ‘येते’ म्हणतेस गो. जागा ‘येतो’ म्हणणाऱ्याची आहे.”

“तो बोलत नाही अजून!”

“मग घाबरतेस कशाला? विचारल्याशिवाय आम्ही कुणाला नेत नाही.”

“आई, तुम्ही सांगा ना यांना!”

“मोठ्यांसमोर मी काय बोलणार?” सासूबाई पदराआडून म्हणाल्या. “बाळाचं टोपडं घाल. वारा असेल.”

काचेचा डोळा स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत आला.

शलाकाने निहारच्या कानाला ओठ लावले. “नाही म्हण राजा. नाही.” हा शब्द तिने त्याला शिकवलाच नव्हता. ‘जातो’ म्हणायला सांगावं, तर महादू डोळ्यांसमोर येत होता.

तांडेल वाकला. त्याचे डोळे हुबेहूब निहारसारखे होते.

“काय रे पोरा,” त्याने मायेने विचारलं, “येतोस?”

शलाकाने निहारचं तोंड तळव्याने घट्ट दाबलं. निहार हसला. शब्द ओळखीचा होता. त्याचा इवलासा हात आपोआप वर गेला आणि तिने शिकवल्याप्रमाणे हलू लागला. तळव्याखाली त्याचे ओठ ‘ये’ म्हणताना होतात तसे दोन्ही बाजूंना ताणले गेले, आणि तिच्या बोटांच्या फटींतून खारं पाणी वाहू लागलं.